54 नंबरची सायकल

फळा पुसताना डस्टर करंगळीला लागतंय की नाही हेच कळत नाही, असं वहिनी म्हणाली तेव्हा संक्रांत चार दिवसांवर आली होती. तिळाच्या वड्या थापता थापता सहज बोलली. इंदूरला राजेंद्रनगरजवळच्या एका शाळेत ती आठवी-नववीला गणित शिकवते. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू दोन आठवड्यांपासून बधिर होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वड्या तशाच राहिल्या.

"अंगठा? पहिली दोन बोटं?"

"ती ठीक आहेत."

"तळहात टेकवून बसतेस का कुठे? टेबलावर, बाकावर?"

"बसायला वेळ कुठे मिळतो गं. सकाळी सायकलवर असते तेवढंच."

करंगळी आणि अर्धी अनामिका म्हटलं की अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला जिला धक्का लागला की झिणझिण्या येतात, तीच ही. मनगटापाशी, करंगळीच्या बाजूला, ती एका चिंचोळ्या जागेतून तळहातात उतरते. वैद्यकात त्या जागेला गायॉनचा बोगदा म्हणतात. तिथे तासन् तास दाब पडला की बोटं बधिर होतात. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्याला 'हँडलबार पाल्सी' असं नावच पडलंय. तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत कागद धरायला देऊन ओढून पाहिला, ती फ्रोमेंटची चाचणी. कागद सुटला नाही. म्हणजे स्नायूंची ताकद शाबूत होती, फक्त संवेदना गेली होती. मला हायसं वाटलं. तीन आठवडे सायकल बंद, असं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. सायकल दोनच महिन्यांपूर्वी घेतली होती. अॅक्सेसरीज धरून 61,000 रुपये.

पुढे जे कळत गेलं ते मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं आणि आता सविस्तर लिहिते आहे. यात कोणी कोणाला फसवायला निघालं नव्हतं. दुकान चांगलं, सायकल चांगल्या कंपनीची, गिऱ्हाईक शिकलेलं आणि चौकस. तरीही दोन महिन्यांत एका निरोगी बाईची मान, गुडघा आणि हात अशी तीन दुखणी उभी राहिली. हे कसं झालं, याचा एकेक सांधा मला उलगडून पाहायचा होता.

धनत्रयोदशी

वहिनीचं वय 44, उंची 157 सेंमी, वजन 58 किलो. भाच्याची जुनी गिअरची जाड टायरवाली सायकल ती वर्षभर चालवत होती. आधी राऊ सर्कलपर्यंत, मग महूपर्यंत, रविवारी कधी सुपर कॉरिडॉरवर. तिथे भल्या पहाटे वाकड्या हँडलच्या हलक्या सायकलींवरून पोरं सर्रकन पुढे निघून जात. आपणही तशी घ्यायची आणि एकदा महाकाळाला सायकलनं जाऊन यायचं, हे तिच्या मनानं घेतलं. आमच्या घरापासून उज्जैन जाऊन-येऊन 120 किलोमीटरच्या आसपास पडतं.

खरेदी झाली 10 नोव्हेंबर 2023 ला, धनत्रयोदशीच्या दिवशी. वस्तू घरात यायची तर याच दिवशी, असं दादाचं म्हणणं, आणि आपल्याकडे ते साहजिकच आहे. मला मात्र या प्रकरणातली पहिली चूक तिथेच दिसते. त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं इंदूर पोरांसाठी सायकली घेत होतं. दोन दिवसांपुरते कामाला ठेवलेले मुलगे गिऱ्हाइकं सांभाळत होते. तशा वाकड्या हँडलच्या सायकली, म्हणजे रोड बाइक, दुकानात दोनच: एक 54 नंबरची, एक 56 ची. हा नंबर म्हणजे फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये. काही कंपन्या आकड्याऐवजी एस, एम, एल लिहितात.

वहिनीनं महिनाभर वाचन केलं होतं. शिमानो या कंपनीच्या गिअरांमध्ये क्लॅरिस म्हणजे मागे 8 चकत्या, सोरा म्हणजे 9, टियाग्रा म्हणजे 10, हे तिला पाठ होतं. पुढच्या दोन चकत्या 50 आणि 34 दातांच्या आहेत ना, मागची सगळ्यात मोठी 32 ची आहे ना, भेरूघाट चढायचा तर ती लागेल, हेही तिनं विचारलं. तिथल्या मुलाला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. त्यानं कंपनीचा कागद काढून दाखवला. दादा किमतीच्या मागे लागला होता. नुसती सायकल 57,500 ला ठरली. हेल्मेट, बाटलीचा पिंजरा, दिवा आणि फूटपंप धरून 61,000. बिल पक्कं मिळालं. तेव्हा सायकलवर 12 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला.

मापाबद्दल एकच वाक्य बोललं गेलं. मुलगा म्हणाला, "मीडियम है दीदी, सबको आ जाता है।"

मग त्यानं वहिनीला सायकलवर बसवलं. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकेपर्यंत सीट खाली घेतली आणि म्हणाला, बघा, बरोबर बसली. दुकानासमोरच्या गल्लीत ती दोन चकरा मारून आली. हँडल लांब वाटतंय, असं ती म्हणाली होती. त्यावर उत्तर मिळालं, रोड बाइक अशीच असते, आठवड्याभरात सवय होईल.

त्या उत्तरात थोडं खरं होतं. सरळ हँडलवरून वाकड्या हँडलवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा लांबच वाटतं. त्यामुळेच माप चुकलेल्या माणसाचं गाऱ्हाणं आणि नवख्याचं गाऱ्हाणं ऐकायला एकसारखं लागतं. दोन्हींतला फरक टेप लावल्याशिवाय कळत नाही.

एकावर एक

पहिले दहा दिवस आनंदाचे गेले. आपल्याच पायांत एवढा वेग आहे याचं तिला नवल वाटत होतं. मग मान आखडायला लागली. हात लांब ताणून, पुढे वाकून, रस्ता बघायला मान वर उचलून दीड तास बसलं की मानेमागचे स्नायू दुखणारच. ती दुकानात गेली. हँडल लांब पडतंय म्हटल्यावर तिथल्या मिस्त्रीनं सीट रुळावर पुढे सरकवली, अगदी टोकापर्यंत.

पंधरा दिवसांत गुडघ्याची वाटी दुखायला लागली. सीट आधीच खाली होती, आता पुढेही आली. पॅडल वर येताना गुडघा नको इतका दुमडत होता, आणि दर मिनिटाला ऐंशी वेळा. सायकलवर गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागे दुखत असेल तर वर. क्लिनिकमध्ये पेशंटना मी हे वर्षानुवर्षं सांगत आलेय. पण घरातल्या माणसाच्या सायकलकडे नजर टाकावी असं मला दोन महिन्यांत एकदाही सुचलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

डिसेंबरात राऊजवळ पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे साध्या सायकलच्या आणि मोटरसायकलच्या वॉलला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला, बसणारे पंप होते. या ट्यूबचा वॉल बारीक आणि उंच, टोकाला एक नाजूक पिन, ती आधी सैल करावी लागते. त्याला प्रेस्टा म्हणतात. ही गोष्ट ना त्या बिचाऱ्याला ठाऊक, ना वहिनीला. पिन मोडली. ती सात किलोमीटर सायकल हातात धरून चालत घरी आली. चिमुकला पितळी अॅडॉप्टर सोबत असता तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता आली असती. दुकानात नवी ट्यूब बसवताना टायरवर छापलेला आकडा बघून 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मारली. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. 58 किलोच्या माणसाला 25 मिमीच्या टायरमध्ये त्याच्या पाऊणपटही हवा लागत नाही. टायर दगडासारखा झाला. रस्त्याचा प्रत्येक खडा हँडलमधून थेट तळहाताला कळायला लागला. बोटं बधिर व्हायला सुरुवात झाली ती यानंतर.

या सगळ्या काळात वहिनी काय म्हणत होती? "आपलं वय झालं गं. हे पंचविशीतल्या पोरांचं काम." सायकल चुकीची असेल असं तिच्या मनातही आलं नाही, आपलं शरीरच कमी पडतंय असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. दुखणाऱ्या मानेवर उपचार आहेत. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी हौसेनं एखादी गोष्ट सुरू करणारी बाई मापातल्या चुकीपायी ती सोडून देते आणि दोष स्वतःला लावते, ही गोष्ट कोणाच्याच नजरेला येत नाही. सायकल गॅलरीत उभी राहते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

पुस्तक, भिंत आणि टेप

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही गच्चीवर सायकल नेली. दादा हँडल धरून उभा राहिला, मी क्लिनिकमधला कोन मोजायचा गोनिओमीटर आणि शिंप्याची टेप घेतली.

पहिलं माप पायांच्या आतल्या बाजूचं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरून सीटसारखं घट्ट वर दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. वहिनीचं आलं 73 सेंमी. ग्रेग लेमाँड या अमेरिकन शर्यतपटूमुळे 1980 च्या दशकात प्रसिद्ध झालेला एक हिशेब आहे: या मापाला 0.883 नं गुणायचं, म्हणजे पॅडलच्या मधल्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. 73 चे झाले साडेचौसष्ट. तिची सीट होती साडेएकोणसाठला. पाच सेंटिमीटर खाली. पॅडल तळाला असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक असावा. मी मोजला तेव्हा 52 होता.

हे सूत्र म्हणजे देवाचा शब्द नव्हे. पावलाची लांबी, बुटाचा तळवा, मांडीमागचे स्नायू किती आखडलेले, यानं एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. पाच होत नाहीत.

सीट साडेचौसष्टला घेतली, मागे सरकवून जागेवर आणली. गुडघा बरोबर आला. आणि त्याबरोबर खरी गोष्ट उघडी पडली: आता तिचे हात ब्रेकपर्यंत जेमतेम पोचत होते, कोपर काठीसारखे ताठ. सीट खाली होती आणि पुढे होती, त्यामुळे फ्रेम मोठी आहे हे झाकलं गेलं होतं. एका चुकीनं दुसरीला पाठीशी घातलं होतं. दुकानातल्या मिस्त्रीनं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. समोर आलेल्या प्रत्येक तक्रारीवर हाताशी असलेला उपाय केला आणि दुखणं एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात ढकलत नेलं.

मग तिला सीटच्या पुढे, वरच्या दांड्यावर दोन्ही पाय टाकून उभं केलं. इथे दोन-तीन सेंटिमीटरची फट हवी. त्या फ्रेमचा दांडा मधोमध जमिनीपासून 76 सेंमीवर होता आणि तिचं माप 73. बूट घालूनही पाऊल सपाट टेकत नव्हतं. दर सिग्नलला ती सायकल कलती करून एका पायावर उभी राहत होती, आणि रोड बाइकवर असंच उभं राहतात असं समजून चालली होती. यापुढे मोजण्यासारखं खरं म्हणजे काही उरलं नव्हतं. तरी मोजलं. खांद्यांची रुंदी 36 सेंमी, हँडल 42 चं. तर्जनी ब्रेकच्या दांडीवर नीट वळत नव्हती, नुसतं टोक लागत होतं. ही शेवटची अडचण दूर करायला एक बारीक स्क्रू फिरवावा लागतो. ब्रेकच्या दांडीत तो मुळातच दिलेला असतो. खर्च शून्य.

दादाच्या ओळखीचे एक मिस्त्री काका आहेत, मालवा मिलच्या भागात त्यांचं छोटंसं दुकान. वडील गिरणीत होते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तो त्यांनी लहानपणी पाहिलेला. 1991 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, एकेक करून बाकीच्या गेल्या, तरी त्यांचं दुकान टिकलं. काकांना सायकल दाखवायला नेली. त्यांनी टेप मागितली नाही. वहिनीला कोपर सीटच्या टोकाला लावून हात हँडलकडे पसरायला सांगितला. बोटांची टोकं हँडलच्या जवळपास यायला हवीत. वीतभर अंतर राहिलं.

"ताई, फ्रेम मोठी असली ना, की माणूस सायकल चालवत नाही, सायकलीला लटकतो. तुमचं सगळं वजन हातावर येऊन राहिलंय."

पुढे जे म्हणाले ते मला फार मोलाचं वाटलं. दूधवाल्यांची, पोस्टमनची ती काळी सायकलसुद्धा 22 इंची आणि 24 इंची फ्रेममध्ये यायची. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी उंची बघून कोणती काढायची ते ठरायचं. "तेव्हा दोन-अडीचशेची सायकल माप बघून द्यायचे. आता साठ हजाराची बघत नाही." माप घ्यायची पद्धत परदेशातून यायला हवी होती असं नाही. ती इथे होती, मधल्या काळात सुटली.

दुकानात परत

आम्ही मंगळवारी सकाळी अकराला गेलो, दुकान नुकतं उघडलेलं असताना. दादाला भांडायचं होतं. मी त्याला म्हटलं, आधी कागद देऊ. एका पानावर वरची सगळी मापं लिहिली होती: असायला हवं ते आणि आहे ते.

बिलावर छापलेलं होतं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात करायला शुल्क लागत नाही, आणि 1915 ही ग्राहकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हे सगळं दादानं वाचून ठेवलं होतं. पण आमच्या बाबतीत 30 दिवस केव्हाच उलटून गेले होते. शिवाय फ्रेममध्ये दोष नव्हताच. 175 सेंटिमीटरच्या माणसाला ती उत्तम झाली असती. दोष सल्ल्यात होता, आणि सल्ला बिलावर लिहिलेला नसतो.

मालकांनी कागद दोनदा वाचला. वहिनीला सायकलवर बसायला लावलं, स्वतः खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "ये मैं होता तो नहीं देता।" मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मला दुकानाची बाजू कळली. 2020-21 मध्ये कोविडच्या काळात जगभर सायकलींची मागणी उसळली, शिमानोचे भाग महिनोन्महिने मिळेनात. त्या काळात वितरक जे माप देईल ते घ्यावं लागायचं, पैसे आगाऊ. यांनी तेव्हा घेतलेल्या रोड बाइकमध्ये लहान माप एकही आलं नाही. नंतर मागणी बसली, माल पडून राहिला, वितरक परत घेईना. लाखभर रुपये दोन वर्षं त्या दोन सायकलींत अडकलेले. त्यांचं दुकान चालतं ते पोरांच्या सायकलींवर. रोड बाइक महिन्याकाठी एखादी गेली तर गेली. धनत्रयोदशीच्या गर्दीत 54 नंबरची एकदाची गेली, म्हणून ते खूश झाले होते. कोणाला गेली हे पाहायला त्यांना सवड नव्हती.

मला हे पटलं. पण कारण पटलं म्हणून परिणाम बदलत नाही, हेही त्यांना मी सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

पहिला तोडगा दुरुस्तीचा निघाला. हँडल आणि फ्रेम जोडणारा 100 मिमीचा स्टेम काढून 70 चा बसवला, तो दुकानाकडून. 38 सेंमीचं हँडल 1,800 रुपयांना, ते वहिनीनं दिले. फ्रेममध्ये 28 मिमीचे टायर बसत होते. ते घालून पुढे 60 आणि मागे 65 पीएसआय हवा. ब्रेकचा स्क्रू फिरवला. तीन आठवडे विश्रांती झालीच होती. फेब्रुवारीत तिनं पुन्हा सुरुवात केली. मान सुटली, गुडघा सुटला. आधी 15 किलोमीटरला बधिर होणारी बोटं आता 40 ला व्हायला लागली.

मला आणि मालकांना वाटलं, जमलं. काकांनी मात्र मान हलवली होती, आणि तेच खरे ठरले. मोठ्या फ्रेमवर एवढा आखूड स्टेम बसवला की हँडल फार हलकं होतं, जरा हात हलला की चाक वळतं. भेरूघाटातून उतरताना ट्रकच्या वाऱ्यानं सायकल थरथरली आणि वहिनी उतरून चालत खाली आली. दांड्यावर उभं राहायची अडचण तर तशीच होती. मी मालकांना फोन करून सांगितलं, याला इलाज फ्रेम बदलण्याचाच आहे.

यापुढचं त्यांनी केलं ते कोणत्याही कायद्यानं त्यांना करावं लागलं नसतं. 177 सेंमी उंचीचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा जुनी रोड बाइक शोधत होता. त्याला मूळचा स्टेम आणि हँडल परत चढवून, मापं घेऊन, ती सायकल 46,000 ला दिली आणि पूर्ण रक्कम वहिनीच्या नावे जमा केली. त्याच मॉडेलचं 48 चं माप वितरकाकडून मागवलं, जुन्याच 57,500 ला. फरक 11,500 चा. त्यातले 6,000 वहिनीनं दिले, 5,500 दुकानानं सोसले. सायकल यायला सात आठवडे लागले.

या सहा हजारांवरून आमच्या घरात अजून एकमत नाही. वहिनी म्हणते, मी नऊ प्रश्न गिअरचे विचारले, मापाचा एकही विचारला नाही, तेव्हा थोडी झळ माझीही. दादा म्हणतो, डॉक्टरकडे गेल्यावर रक्तदाब तपासा असं पेशंटनं सांगायचं असतं का? मी दादाच्या बाजूची आहे. गिअर कोणते हे घरबसल्या वाचून कळतं, किंमत तर मोबाइलवर चार ठिकाणची दिसते. ऑनलाइन न घेता पाच-सहा हजार जास्त देऊन माणूस गावातल्या दुकानात जातो तो समोरच्याची नजर आणि हात यांच्यासाठी. माप हे दुकानानं आपणहून द्यायचं काम आहे. ते सोडलं तर दुकान म्हणजे नुसतं गोदाम. पण वहिनीनं पैसे देऊन विषय मिटवला आणि मालकांशी बोलणं गोड ठेवलं, आणि त्याचा उपयोग पुढे झाला, हेही मला कबूल करावं लागतं.

एप्रिलनंतर

नवी सायकल एप्रिलच्या अखेरीस खोक्यातून निघाली. या वेळी आम्ही सकाळी गेलो आणि तास-सव्वातास लागला. मालकांनी आधी हिशेबाची जाड वही वहिनीच्या हातात दिली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. सीटची उंची, सीटचं मागेपुढे, ब्रेकचा स्क्रू, मग स्टेमचे बोल्ट टॉर्कच्या पान्यानं ठरलेल्या जोरापर्यंतच आवळले. भिंतीला टेकवून तिला बसवलं, पॅडल तळाला आणून मोबाइलवर बाजूनं फोटो काढला, आणि त्या फोटोवरच गुडघ्याचा कोन मोजला. 33 अंश. कोपरात हलका वाक होता. दांड्यावर उभी राहिली तेव्हा दोन्ही पावलं सपाट होती. तिनं खाली बघितलं आणि काही बोलली नाही, पण मला तिचा चेहरा दिसत होता.

खोक्यातून आलेली सायकल जुळवणं हेही एक कसब आहे, हे मला तेव्हा पाहायला मिळालं. कारखान्यातून ती अर्धीमुर्धी जोडून येते. हँडल, पुढचं चाक, सीट, पॅडल दुकानात बसतं. गिअरच्या तारा नव्या असताना पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल पडतात, चाकाचे आरे बसतात. म्हणून पहिल्या महिन्यातली मोफत सर्व्हिस चुकवू नये. आधीच्या सायकलची ती कोणी सांगितलीच नव्हती. या वेळी बिलाच्या मागे तारीख लिहून दिली, प्रेस्टाचा अॅडॉप्टर पिशवीत टाकला, आणि हवा किती ते पेनानं पंपावर लिहिलं.

कोणी मला आता विचारलं तर मी म्हणते, सणाच्या दिवशी जाऊन पूजा करा, पण निवड आठ दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी करा. पायांचं माप घरूनच घेऊन जा. कंपनीच्या तक्त्यात तुमची उंची दोन मापांच्या सीमेवर येत असेल तर बहुतेकांना लहान माप बरं. लहान फ्रेम थोडी लांब करता येते, मोठी लहान करता येत नाही. तुमचं माप दुकानात नसेल आणि ते मागवायला महिना लागणार असेल, तर तो महिना थांबा. आम्हाला न थांबल्यापायी पाच महिने आणि सहा हजार रुपये पडले. पहिल्या पंधरा दिवसांत काहीही दुखलं तर ते लिहून दुकानात जा, आणि दुखणं नेमकं कुठे ते बोट ठेवून सांगा. नुसतं 'त्रास होतो' म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, सवय होईल.

बोटांची जाणीव मेअखेर पूर्ण परत आली. दर पाच-सात मिनिटांनी हातांची जागा बदलायची, कधी वरच्या सपाट भागावर, कधी ब्रेकच्या बोंडांवर, कधी खालच्या वाकणात, हे तिनं अंगवळणी पाडून घेतलं. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती चार मैत्रिणींबरोबर पहाटे साडेचारला निघाली. सांवेरला चहा, साडेआठच्या सुमाराला शिप्रेच्या काठावर. दर्शन घेऊन, पोहे खाऊन, उन्हातून परत. दुपारी अडीचला घरी आली तेव्हा मी आधी तिची करंगळी टोचून पाहिली. कळत होतं.

सीटचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ऐंशी किलोमीटरनंतर बसायला त्रास होतो. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर तिला कडक स्टुलावर बसवून मोजलं तर साडेतेरा सेंमी आलं, आणि सायकलबरोबर आलेली सीट त्या मानानं अरुंद आहे. दुसरी आणली ती फार मऊ निघाली. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब भलतीकडे जातो. सध्या तिसरी लावली आहे, मिस्त्री काकांच्या पेटीतली, परत करायच्या बोलीवर. रविवारी महूपर्यंत जाऊन आली की कशी आहे ते सांगणार आहे.